यकृत, पुरावा आणि पेन्शन : अमेरिकेच्या एका कलमाचा इतिहास

अमेरिकेत आजारपणामुळे काम सुटलेल्या माणसाला केंद्र सरकारकडून दरमहा पैसे मिळण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक म्हणजे पगारातून कापल्या गेलेल्या वर्गणीवर उभा असलेला अपंगत्व विमा, आणि दुसरा म्हणजे ज्याच्या गाठीला काही नाही अशासाठीची पूरक मदत. दोन्हींचे पैसे वेगळ्या खिशातून येतात, पण वैद्यकीय कसोटी एकच आहे. ती सोशल सिक्युरिटी खात्याच्या आजारांच्या यादीत आहे. डॉक्टर आणि वकील या यादीला ‘ब्लू बुक’ म्हणतात. तिच्या पाचव्या प्रकरणात पचनसंस्थेचे विकार येतात आणि त्यात ५.०५ या क्रमांकाखाली दीर्घकालीन यकृतविकार. या कलमाच्या १९८५, २००७ आणि २०२३ अशा तीन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या, तर आजारी माणसाच्या शब्दावर सरकारने केव्हा, किती आणि कशाच्या आधारावर विश्वास ठेवला, याचा पट समोर येतो.

यकृत हा अवयव अशा कायद्याला मुळातच अडचणीचा. हात तुटला तर तो दिसतो आणि डोळे गेले तर ते तपासता येते. यकृत मात्र बराच भाग निकामी झाला तरी उरलेल्या भागावर वर्षानुवर्षे संसार रेटत राहते. सिरोसिस झालेला माणूस कधी कधी बाहेरून धडधाकट दिसतो, बोलतो, चालतो. फक्त दुपारनंतर त्याच्यात उभे राहण्याचे त्राण उरत नाही. मग एके दिवशी पोटात पाणी भरते, डोळे पिवळे होतात किंवा रक्ताची उलटी होते. कायद्याला रेघ ओढायची असते ती या दोन अवस्थांच्या मधे कुठेतरी. तिथे थकवा हे सर्वांत मोठे लक्षण असते, आणि थकवा कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली, तेव्हा त्यात म्हातारपणाची पेन्शन होती, बेकारी विमा होता, अंध व्यक्तींसाठी मदत होती; आजारपणामुळे आलेल्या अपंगत्वाचा विमा नव्हता. तो विसरला गेला असे मुळीच नाही. त्याला लोक घाबरत होते. मंदीच्या काळात खासगी विमा कंपन्यांचे अपंगत्वाच्या पॉलिसींवर हात पोळले होते. नोकरी गेली की माणसाला आपली जुनी दुखणी आठवतात आणि डॉक्टरही दयेपोटी दाखला देतो, हा त्यांचा अनुभव. अंधत्वाची व्याख्या करता येत होती, ‘काम करण्याची असमर्थता’ या कल्पनेची नाही. ती परिस्थितीप्रमाणे ताणली जाईल अशी भीती पुढची वीस वर्षे चर्चेत कायम राहिली.

१९४८ साली सल्लागार परिषदेने अपंगत्व विम्याची शिफारस केली. काँग्रेसने १९५० मध्ये त्याऐवजी राज्यांमार्फत चालणारी, ‘कायम आणि पूर्ण’ अपंग असलेल्या गरिबांसाठीची मदत योजना आणली. १९५२ मध्ये तर गंमतच झाली. आजारी माणसाची पेन्शनची नोंद गोठवून ठेवण्याची, म्हणजे कमाई नसलेली वर्षे त्याच्या विरुद्ध मोजली जाऊ नयेत अशी तरतूद कायद्यात घातली गेली. पण तिची मुदत ३० जून १९५३ ला संपणार होती आणि अर्ज घेणे १ जुलै १९५३ पासून सुरू होणार होते. विरोधकांशी झालेल्या तडजोडीतून निघालेले हे अपत्य जन्मायच्या आदल्या दिवशीच मेले. तीच तरतूद १९५४ मध्ये खऱ्या अर्थाने आली आणि तिच्याबरोबर एक व्यवस्थाही आली, जी आजवर टिकून आहे : अर्ज केंद्राच्या कार्यालयात द्यायचा, पण माणूस अपंग आहे की नाही हे राज्याच्या कार्यालयाने ठरवायचे. त्यामागे हिशेब असा, की राज्यांचे डॉक्टरांशी आणि पुनर्वसन केंद्रांशी आधीपासून संबंध आहेत आणि केंद्र सरकार वैद्यकीय व्यवसायात घुसले असा आरोपही त्यामुळे टळेल.

रोख पेन्शनचा प्रश्न १९५६ मध्ये सिनेटपुढे आला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन कडाडून विरोधात होती. आज अपंगत्वाचा दाखला, उद्या सरकारी दवाखाना, असा तिचा धाक. जॉर्जियाचे वयोवृद्ध सिनेटर वॉल्टर जॉर्ज यांनी दुरुस्ती मांडली, बहुमताचे नेते लिंडन जॉन्सन यांनी मते गोळा केली आणि ती ४७ विरुद्ध ४५ मतांनी निभावली. १ ऑगस्ट १९५६ रोजी आयझेनहॉवर यांनी सही केली. पैसे मिळणार होते फक्त ५० ते ६४ वयाच्यांना, सहा महिने वाट पाहिल्यावर, आणि तेही ज्याला ‘कोणतेही भरीव अर्थार्जनाचे काम’ करता येत नाही अशालाच. आजार वैद्यकीय तपासणीतून सिद्ध होणारा हवा आणि तो मृत्यूकडे नेणारा किंवा दीर्घ, अनिश्चित काळ टिकणारा हवा. थोडे अपंगत्व, अर्धे अपंगत्व असे या कायद्यात काही नाही. भारतात चाळीस टक्के, साठ टक्के असा दाखला मिळतो. अमेरिकेतही माजी सैनिकांच्या खात्यात यकृताचा आजार टक्क्यांत मोजतात. सोशल सिक्युरिटीत मात्र उत्तर होय किंवा नाही, एवढेच. ५.०५ या कलमाचा पुढचा सगळा ताण या एका निर्णयातून आलेला आहे. १९६० मध्ये पन्नाशीची अट गेली आणि १९६५ मध्ये ‘दीर्घ आणि अनिश्चित’ याऐवजी बारा महिने हे माप आले.

लाखो अर्ज वेगवेगळ्या राज्यांत एकाच मापाने तपासायचे, तर तपासनिसाच्या हाती काहीतरी ठोस हवे. त्यासाठी १९५० च्या दशकाच्या मध्यावर वैद्यकीय सल्लागार समिती नेमून आजारांची मार्गदर्शक यादी तयार केली गेली. सुरुवातीला ती खात्याच्या आतल्या वापरापुरती होती. १९६८ मध्ये ती नियमावलीत प्रसिद्ध झाली. यादीचा उपयोग साधा होता. आजार यादीतल्या पातळीचा असला, तर अर्जदार सुतार होता की शिक्षक, वय काय, शिक्षण किती, हे प्रश्न विचारायची गरज नाही. पात्रता तिथेच मान्य. नसेल, तर लांबचा रस्ता. तो रस्ताही तोवर अरुंद झाला होता. न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांच्या खंडपीठाने १९६० मध्ये कर्नर खटल्यात खात्याला सुनावले होते, की अर्जदार नेमके काय करू शकतो आणि तशी कामे त्याला कुठे उपलब्ध आहेत, हे दाखवा. न्यायालयांचा हा सैल हात आवरण्यासाठी काँग्रेसने १९६७ मध्ये व्याख्या आवळली. देशाच्या अर्थव्यवस्थेत कुठेही असे काम अस्तित्वात असले तर पुरे. ते अर्जदाराच्या गावात असो वा नसो, ती जागा रिकामी असो वा नसो, आणि अर्ज केल्यास त्याला कोणी घेवो वा न घेवो.

१९७२ मध्ये निक्सन यांच्या सहीने पूरक मदत योजना आली आणि जानेवारी १९७४ पासून ती लागू झाली. विम्यासाठी कामाची वर्षे लागतात; एकतिशी ओलांडलेल्याला साधारणपणे गेल्या दहा वर्षांत पाच वर्षांची वर्गणी दाखवावी लागते. पूरक मदतीला वर्गणी लागत नाही, पण दारिद्र्य लागते. एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता नसावी, ही मर्यादा १९८९ पासून हललेली नाही. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांना पहिली अट विशेष जाचते. त्यांच्या पगारातून वर्गणी कापली जाते, पण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा परस्पर करार नसल्याने भारतातली भविष्य निर्वाह निधीची वर्षे तिकडे मोजली जात नाहीत. चार वर्षे नोकरी झालेल्या पस्तिशीच्या माणसाचे यकृत बिघडले, तर वैद्यकीय कसोटीपर्यंत पोचण्याआधीच त्याचा अर्ज परत येतो. ऑगस्ट १९९६ च्या कायद्यानंतर पूरक मदतीचा दरवाजाही बहुतेक परदेशी नागरिकांना बंद झाला.

यकृताच्या कलमाची जुनी मांडणी समजायला त्या काळची वैद्यकी आठवावी लागते. सिरोसिसमध्ये यकृतातून रक्त नीट वाहत नाही, त्यामुळे मागे दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या की माणूस रक्त ओकतो. एकोणीसशे साठ-सत्तरच्या दशकांत यावरचा मोठा उपाय म्हणजे पोट उघडून रक्ताला यकृताबाहेरून वाट काढून देण्याची शस्त्रक्रिया. प्रत्यारोपण थॉमस स्टार्झल यांनी डेन्व्हरमध्ये १९६३ साली करून पाहिले होते, पण ते नित्याचे व्हायला सायक्लोस्पोरिन हे औषध यावे लागले. निदानाची शेवटची खात्री म्हणजे सुईने काढलेला यकृताचा तुकडा, बायोप्सी.

डिसेंबर १९८५ मध्ये सुधारलेल्या कलमात हीच वैद्यकी उतरली. फुगलेल्या शिरांतून मोठा रक्तस्राव झाल्याची नोंद असेल, तर शेवटच्या रक्तस्रावानंतर तीन वर्षे अपंगत्व गृहीत. वळणवाटेची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यानंतरही तीन वर्षे. कावीळ मोजणारे बिलिरुबिन २.५ किंवा जास्त, पुन्हा पुन्हा तपासून पाच महिने टिकलेले. जलोदर पाच महिने, एक तर पोटातले पाणी सुईने काढून दाखवलेला किंवा अल्ब्युमिन ३.० वा त्याखाली असलेला. यकृतामुळे मेंदूवर परिणाम झाला असेल, तर मानसिक विकारांच्या कलमाखाली तपासा. बायोप्सीचा अहवाल हातात असेल, तर पाच महिन्यांऐवजी तीन महिने पुरत. त्यात एक सभ्य अट होती : बायोप्सी खात्याच्या तपासासाठी केलेली नसावी. पेन्शनसाठी कोणाच्या यकृतात सुई खुपसायची नाही, एवढी जाण नियम लिहिणाऱ्यांना होती.

हे कलम लिहिले गेले ते एका वादळाच्या शेपटीवर. १९८० च्या कायद्याने आधीच मंजूर झालेल्या लाभार्थ्यांची नियमित फेरतपासणी सांगितली आणि रेगन सरकारने मार्च १९८१ पासून ती धडाक्याने सुरू केली. पुढच्या तीन वर्षांत जवळजवळ पाच लाख लोकांना पेन्शन बंद झाल्याची पत्रे गेली. आजार होता तसाच. फक्त त्याच कागदांकडे पाहण्याची नजर कडक झाली होती. अनेक राज्यांनी हे काम करायलाच नकार दिला, न्यायालये दाव्यांनी भरली, आणि १९८४ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी एकही विरोधी मत न पडता सुधारणा कायदा मंजूर केला. प्रकृतीत वैद्यकीय सुधारणा झाल्याचे दाखवल्याखेरीज पेन्शन काढता येणार नाही, हे तत्त्व तेव्हा आले. यकृताच्या रुग्णाला त्याचा अर्थ मोठा आहे, कारण त्याची प्रकृती वर-खाली होत असते. पोटातले पाणी औषधाने उतरले म्हणजे यकृत सुधारले असे होत नाही.

दारूचा प्रश्न या कलमाच्या मजकुरात कुठे दिसत नाही, पण तो प्रत्येक फायलीत असतो. यकृत म्हटले की दारू, हे समीकरण तपासनिसाच्या डोक्यातही असते आणि शेजाऱ्याच्याही. हिपॅटायटिसने किंवा जन्मजात दोषाने यकृत गेलेल्या माणसालाही आधी या नजरेतून सुटावे लागते. १९७२ च्या कायद्याने पूरक मदत घेणाऱ्या व्यसनी माणसांना उपचार घेण्याची सक्ती केली होती आणि त्यांचे पैसे दुसऱ्याच्या हाती देण्याची व्यवस्थाही. १९९४ मध्ये व्यसनावर आधारलेल्या लाभाला छत्तीस महिन्यांची मर्यादा घातली गेली. मार्च १९९६ मध्ये क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने तेही संपवले. व्यसन हे अपंगत्वाला ‘निर्णायक कारण’ असेल तर पेन्शन नाही, आणि आधीपासून घेणाऱ्यांची १ जानेवारी १९९७ पासून बंद.

निर्णायक कारण ठरवायचे कसे? कायद्याने एक काल्पनिक प्रश्न दिला : या माणसाने आज दारू सोडली, तर तो कामाला लागू शकेल का? नैराश्य किंवा झटके असलेल्या अर्जदाराला या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाते. सिरोसिसच्या रुग्णाला ते त्या मानाने सोपे, आणि त्याच्या बाजूचे. पूर्ण जून झालेले व्रण दारू सोडल्याने भरून येत नाहीत. पिऊन यकृत गमावले असले, तरी दारू थांबवूनही यकृत काम करणार नसेल, तर व्यसन निर्णायक ठरत नाही आणि पेन्शन मिळू शकते. दारूमुळे नुकतीच सूज आलेले यकृत मात्र वेगळे. सहा महिने पेला दूर ठेवला तर ते बरेच सावरते आणि तिथे नकार येतो. २०१३ मध्ये खात्याने या सगळ्याचा खुलासा करणारे सविस्तर परिपत्रक काढले. नैतिक निवाडा टाळून केवळ जीवशास्त्राला प्रश्न विचारण्याची ही रीत, तिच्या मागचा हेतू कडक असला तरी, यकृताच्या बाबतीत बरीच न्याय्य ठरली आहे.

तोवर रुग्णच बदलले होते. १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला. त्याबद्दल हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. त्याआधी रक्त घेतलेले, कधी काळी सुईने नशा केलेले, महायुद्धानंतरच्या दोन दशकांत जन्मलेले असंख्य अमेरिकी नागरिक नकळत हा विषाणू अंगात वागवत होते. नव्वदच्या दशकात त्यांची यकृते एकेक करून बोलू लागली. उपचार होता इंटरफेरॉनचा, बहुधा अठ्ठेचाळीस आठवड्यांचा, आणि त्याने ताप, अंगदुखी, खोल नैराश्य यायचे. आजाराने कामावर जाता येत होते, पण उपचाराने जाता येत नव्हते, असेही कित्येक होते. जुन्या कलमाला ही परिस्थिती ठाऊकच नव्हती.

२००१ मध्ये नव्या नियमांचा मसुदा निघाला आणि १९ ऑक्टोबर २००७ ला अंतिम नियम. १८ डिसेंबरपासून अंमल. बदल मुळापासूनचा होता. नुसत्या बिलिरुबिनवर पात्रता गेली, बायोप्सीचा खास मार्ग गेला, वळणवाटेच्या शस्त्रक्रियेची तीन वर्षे गेली. रक्तस्रावाला आता मोजमाप आले : रक्तदाब ढासळलेला हवा, रुग्णालयात दाखल करून किमान दोन पिशव्या रक्त चढवलेले हवे, आणि मुदत तीनऐवजी एक वर्ष. त्याचे समर्थनही होते. एंडोस्कोपीतून शिरांना रबराचे वेढे घालण्याचे तंत्र आल्यावर एका रक्तस्रावानंतरचे भवितव्य पूर्वीइतके काळेकुट्ट राहिले नव्हते. दुसरीकडे, जुन्या कलमात नसलेल्या अनेक अवस्था आत आल्या. जलोदराच्या पाण्यात जंतुसंसर्ग, यकृतापाठोपाठ मूत्रपिंडे बसणे, फुप्फुसांतून प्राणवायू कमी पडणे. यांतल्या शेवटच्या अवस्थेची कसोटी वाचताना नियम लिहिणाऱ्याची चिकाटी जाणवते. रक्तातला प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांच्या आत ६० किंवा कमी हवा, ३,००० ते ६,००० फुटांवर ५५, आणि त्याहून उंचीवर ५०. म्हणजे मैलभर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये तपासलेल्या माणसाला न्यूयॉर्कच्या माणसापेक्षा वेगळा आकडा लागतो, कारण तिथली हवाच विरळ.

सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र कलमाच्या शेवटच्या पोटकलमात होता. मायो क्लिनिकमधल्या पॅट्रिक कामथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या आसपास तीन साध्या रक्ततपासण्यांवरून यकृताच्या रुग्णाचे नजीकचे भवितव्य सांगणारे सूत्र बसवले होते. फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतला क्रम त्या ‘मेल्ड’ गुणांवर लागू लागला. खात्याने तेच सूत्र उचलले, त्याला स्वतःचे नाव दिले आणि २२ गुणांवर रेघ ओढली. क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर, या तिन्ही तपासण्या तीस दिवसांच्या आतल्या हव्यात. प्रत्येकाचा नैसर्गिक लॉगरिदम काढून त्याला अनुक्रमे ९.५७, ३.७८ आणि ११.२ ने गुणायचे, बेरजेत ६.४३ मिळवायचे.

एक काल्पनिक रिपोर्ट घेऊन हे ताडून पाहता येते. क्रिएटिनिन १.४, बिलिरुबिन ४.०, आयएनआर १.८. तिन्हींचा हिशेब ३.२२, ५.२४ आणि ६.५८ असा येतो; ६.४३ धरून २१.४७, म्हणजे २१ गुण. हाच रिपोर्ट १९८६ मध्ये घेऊन आलेला माणूस पाच महिने बिलिरुबिन तसेच राहिल्यास पात्र ठरला असता. २००८ मध्ये तोच माणूस एका गुणाने बाहेर राहिला असता. आता त्या रिपोर्टमध्ये सोडियम १३० आहे असे धरू. ८ जून २०२३ ला प्रसिद्ध झालेल्या आणि ६ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी सूत्रात सोडियमही घेतले आणि रेघ २२ वरून २० वर आणली. नव्या सूत्राने याच माणसाचे गुण २५ होतात. मात्र आता एक रिपोर्ट पुरत नाही. बारा महिन्यांच्या आत, किमान साठ दिवसांच्या अंतराने, दोनदा २० गुण लागतात. रेघ सैल केली आणि पुरावा दुप्पट मागितला, असा हा सौदा आहे. एकूण तोलता तो रुग्णाच्या फायद्याचा वाटतो, कारण इतके गुण असलेला माणूस तपासण्या वारंवार करतच असतो. पण हातात वैद्यकीय विमा नसलेल्याला दुसरी तपासणीही डोंगर ठरू शकते.

या बदलातही सरकार वैद्यकीच्या एक पाऊल मागे राहिले. सोडियम प्रत्यारोपणाच्या गणितात जानेवारी २०१६ मध्येच आले होते. खात्याने ते २०२३ मध्ये घेतले, आणि त्याच वर्षी जुलैत प्रत्यारोपणवाले ‘मेल्ड ३.०’ कडे निघूनही गेले. त्यात स्त्रियांना वेगळे अधिक गुण आहेत. स्त्रियांमध्ये स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कमी दिसते आणि आजार असतो त्यापेक्षा हलका भासतो, हे लक्षात आल्यावर केलेली ती दुरुस्ती. पेन्शनच्या सूत्रात ती नाही. एकाच रक्ताच्या नमुन्यावर एक यंत्रणा स्त्रीला जास्त आजारी मानते आणि दुसरी तसे मानत नाही.

गुणांच्या रेघेखाली राहिलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते आणि त्यांचा निकाल लांबच्या रस्त्याने लागतो. माणूस किती वेळ उभा राहू शकतो, किती वजन उचलू शकतो, दिवसातून किती वेळा आडवे व्हावे लागते, आठवड्यातून किती खाडे होतील, याचा अंदाज बांधून त्याची उरलेली कार्यक्षमता ठरवतात. मग फेब्रुवारी १९७९ पासून लागू असलेल्या कोष्टकांत वय, शिक्षण आणि कामाचा अनुभव ठेवून उत्तर वाचतात. तिथे पन्नास आणि पंचावन्न हे वयाचे दोन उंबरठे आहेत. पंचावन्न वर्षांचा, कमी शिकलेला, जन्मभर अंगमेहनत केलेला गवंडी हलक्याच कामापुरता उरला असेल तर तो बहुधा पात्र ठरतो. पंचेचाळिशीचा कारकून तेवढ्याच थकव्यासह अपात्र ठरतो, कारण बसून करण्यासारखे काम देशात कुठेतरी आहेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हेक्लर विरुद्ध कँपबेल खटल्यात ही कोष्टके वैध ठरवली. पूर्वीच्या कामांचा विचार करताना मागची पंधरा वर्षे पाहण्याची रीत होती. जून २०२४ पासून ती पाच वर्षांवर आली आहे.

या रस्त्यावर रुग्णाच्या स्वतःच्या डॉक्टरचे मत हा मोठा आधार होता. १९९१ च्या नियमांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या मताला खास वजन दिले होते. २७ मार्च २०१७ पासूनच्या अर्जांना ते लागू नाही. आता ते मत इतर पुराव्यांसारखेच तोलले जाते, ते कागदांशी किती जुळते एवढेच पाहतात. परिणाम असा, की ‘माझा रुग्ण काम करू शकत नाही’ हे डॉक्टरचे एका ओळीचे पत्र निरुपयोगी ठरते. दर भेटीत रुग्ण किती चालला, किती झोपला, हिशेबात कुठे गोंधळला, हे डॉक्टरने लिहून ठेवले असेल तरच थकव्याला साक्षीदार मिळतो. पहिला नकार आल्यावर फेरविचार, मग प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, त्यानंतर अपील परिषद आणि शेवटी केंद्रीय न्यायालय, असा चढता क्रम आहे. काही अवस्थांना या चढणीतून सूट आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झालेल्या जलद मंजुरीच्या यादीत यकृताचा कर्करोग आहे, तसेच यकृतामुळे मूत्रपिंडे किंवा फुप्फुसे बसण्याच्या अवस्थाही.

प्रत्यारोपण झालेल्याला ५.०९ या वेगळ्या कलमाखाली एक वर्ष अपंग मानतात. त्यानंतर नव्या यकृताचे काम, औषधांचे दुष्परिणाम, संसर्ग आणि शरीराने अवयव नाकारण्याचे प्रसंग पाहून पुन्हा निर्णय होतो. लाभ घेत असताना थोडेफार काम करता येते, पण २०२५ मध्ये महिन्याला १,६२० डॉलरच्या वर कमाई गेली की ते ‘भरीव अर्थार्जन’ ठरत होते.

विम्याची पेन्शन मंजूर झाल्यावरही पहिले पाच पूर्ण महिने पैसे मिळत नाहीत; मूळ सहा महिन्यांचा काळ १९७२ मध्ये पाचावर आला. पेन्शन सुरू झाल्यावर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा लागू होण्यास आणखी चोवीस महिने लागतात. त्याच १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना मेडिकेअरचा स्वतंत्र दरवाजा उघडून दिला, कारण डायलिसिसचे यंत्र त्यांना जगवू शकत होते आणि पैशाअभावी ते नाकारले जाणे काँग्रेसला पाहवेना. यकृतासाठी असे यंत्र नव्हते, आजही नाही, आणि म्हणून त्या रुग्णांची बाजू मांडणारा तसा क्षण कधी आला नाही. पुढे एएलएस या स्नायू-मज्जातंतूंच्या आजारासाठी मेडिकेअरची प्रतीक्षा २००१ मध्ये आणि पाच महिन्यांची प्रतीक्षा डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाली. शेवटच्या टप्प्यातल्या यकृतविकाराला दोन्ही प्रतीक्षा अजून लागू आहेत, आणि मेल्डचे गुण ज्या मुदतीतला मृत्यूचा धोका सांगण्यासाठी वापरतात ती मुदत तीन महिन्यांची आहे.